पाचट जाळायचं बंद कसं झालं आमच्याकडं

आमचं रान सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, नदीपासून थोडं आत, ओढ्याच्या अंगाला. म्हणजे वरच्या सगळ्यांनी पाजलेलं पाणी झिरपत झिरपत शेवटी आमच्यात उतरणार अशी जागा. आजोबांच्या टायमाला इथं शाळू, हरभरा व्हायचा, मग पाणी सोसायटीच्या लिफ्टचं (नदीतनं मोटरीनं उचललेलं) पाणी आलं आणि बघता बघता सगळा शिवार ऊसच झाला. खालचा तुकडा चोपण (क्षार चढून नापीक) व्हायला लागलेला मी शाळेत असल्यापासून बघतोय. उन्हाळ्यात वर पांढरा थर, चालताना पायाखाली कुरकुर वाजतो, लावण उगवते पण गुडघ्याएवढी झाली की पिवळी पडते.

पाचट म्हणजे काय हे शेतीवाल्यांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगतो. ऊस तोडून नेला, वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) वैरणीला गेलं, की रानात उरतो तो वाळल्या पाल्याचा थर, एकरी तीन-चार टन सहज. त्याला आमच्याकडं सरसकट काडी लावायचे, आम्ही पण लावायचो. आणि जाळण्यामागं हिशोब असतो बरं का, तो सगळा चुकीचा पण नसतो. सरीत पाचट असलं की पाणी पुढं सरकत नाही आणि सोसायटीची पाळी तासावर असते, तुमचं भिजलं नाही म्हणून मागचा थांबत नाही, शिवाय उंदीर होतात, उंदरामागं साप येतो, भांगलायला (तण काढायला) येणाऱ्या बायका पाचटात हात घालायला तयार होत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे, वर परत हुमणी (मुळं खाणारी अळी) वाढते अशी सगळ्यांची समजूत. एक काडी लावली की अर्ध्या तासात रान झाडल्यासारखं साफ. एवढी स्वस्त मशागत दुसरी कुठली हाय सांगा.

मग आम्ही का थांबलो? माती, पर्यावरण, पुढची पिढी हे सगळं भाषणात ऐकलेलं होतं, बोर्ड पण लागलेले होते, पण खरं कारण पोटॅश खत. २०२२ च्या सुरुवातीला पोटॅशची बॅग हजाराच्या आसपास होती ती एकदम सतराशेवर गेली. दुकानात उभा राहून मी हिशोब करत होतो आणि तिथंच कारखान्याच्या शेती खात्यातला एक ओळखीचा पोरगा भेटला, तो म्हणाला दादा, तुम्ही एकरी वीस ते चाळीस किलो पोटॅश दरवर्षी जाळताय की. कसं काय म्हणलं तर त्यानं सांगितलं, पाचटात पालाश (म्हणजे पोटॅशच) पाऊण ते एक टक्का असतं, नत्र अर्धा टक्का, स्फुरद थोडं, आणि कर्ब तर भरपूर. जाळल्यावर नत्र आणि कर्ब हवेत, राख राहते तिच्यातलं पालाश बरंचसं वाऱ्यावर आणि पहिल्या पाण्याबरोबर जातं. मी लगेच काही ऐकणाऱ्यातला नाही, पण सतराशेचा आकडा ताजा होता.

घरी विषय काढला तर तात्या (म्हणजे आमचे वडील) म्हणाले, करायचंच असेल तर खालच्या तुकड्यात कर, तिथं तसं पण काय येतंय. नवीन काहीतरी करायला शेतकरी कायम वाईटातलं वाईट रान देतो आणि मग म्हणतो ह्यात काही दम नाही. तरी म्हणलं ठीक आहे, तिथं तर तिथं.

आधी माती तपासून घेतली. खतं टाकायच्या आधी, ताल-बांधाच्या कडेची आणि उकिरड्याजवळची जागा सोडून, रानात नागमोडी फिरत व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, फूटभर खोल, कडेची माती तासून घमेल्यात, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत अर्धा किलो राहिली की पिशवीत. रिपोर्टमध्ये पीएच साडेआठच्या जवळ, क्षार जास्त, सेंद्रिय कर्ब ०.४ च्या खाली. प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या कर्ब एवढा कमी असला की तुम्ही टाकलेलं खत मातीत टिकत नाही, धरून ठेवायला काहीच नाही. हे वाक्य तात्यांना लगेच पटलं, कारण खत टाकून ऊस पिवळा का हे कोडं त्यांना किती वर्षं होतं.

जानेवारीत तोड झाली. ऊसतोडीची टोळी बीडकडची होती, त्यांच्या मुकादमाला सांगून ठेवलं की ऊस जमिनीलगत तोडा आणि जाताना कुणी काडी टाकू नका. तोडून झाल्यावर राहिलेले बुडखे कोयत्यानं जमिनीबरोबर छाटले, त्यावर बाविस्टीनचं पाणी मारलं म्हणजे बुरशी लागत नाही. बुडखा वर राहिला की डोळा जमिनीच्या वर फुटतो आणि असा कोंब पुढं जोर धरत नाही, खालचा फुटला तर त्याची मुळी त्याची स्वतःची होते. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, कंबर मोडते, आता त्याला ट्रॅक्टरचं मशीन आहे पण तेव्हा आमच्याकडं कुणाकडं नव्हतं.

मग पाचट सरीत दाबलं. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवायचं कल्चर अशी शिफारस आहे, आम्ही एकराच्या हिशोबानं केलं, कल्चर ओल्या शेणखतात मिसळून फेकलं. युरिया कशाला, पाचटच तर खत आहे, असं चुलता म्हणत होता. त्याचं कारण असं की पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, ते वरून दिलं नाही तर ते मातीतलं उचलतात आणि मग खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेलं पीक) उपाशी. ओढ्याकडच्या शेवटच्या सऱ्यांना युरिया पुरला नव्हता, तिथं महिन्याभरात ऊस फिक्का पिवळा पडला, बाकीचा हिरवा, बांधावरून दोरी मारल्यासारखी रेघ दिसत होती. चुलता गप.

पहिलं पाणी मात्र रडवून गेलं. पाळी संपत आली तरी पाणी सरीच्या निम्म्यात. पाचट फुगून वर येतंय, पाणी बाजूला फुटतंय, मी आणि चुलत भाऊ खोरं घेऊन रात्रीचे पळतोय. तेव्हा चुलत्यानंच मार्ग काढला, एकाआड एक सरी मोकळी कर आणि मोकळ्या सरीतनं पाणी दे, बाजूला पाझरतंच की. तसं केलं आणि गाडी रुळावर आली. हे माझ्या वाचलेल्या माहितीपत्रकात कुठं नव्हतं.

खत द्यायची पद्धत पण बदलली. आधी सगळं फेकून द्यायचो, आता पाचट असल्यामुळं ते वरच राहणार, म्हणून पहारीनं. बुडख्यापासून वीतभर लांब, वीतभर खोल भोक पाडायचं, त्यात खत, भोक बुजवायचं, पुढं फुटावर परत भोक. पहिला हप्ता तोडीनंतर पंधरा दिवसाच्या आत, दुसरा साडेचार महिन्याच्या सुमाराला उसाच्या दुसऱ्या बाजूनं. दोन माणसं लागतात, एक पहार मारणारा एक खत टाकणारा, आमच्यात मी पहार आणि मंडळी (बायको) खताची बादली. तिचं म्हणणं असं की फेकून दिलेलं खत अर्धं तणालाच जात होतं, आता निदान उसाला कळतंय तरी. तण खरंच कमी झालं, भांगलण निम्म्यावर आली, फक्त लव्हाळा ऐकत नाही, तो पाचटाला भोक पाडून वर येतो.

पाण्याचं सांगतो. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसाला पाणी मागणारा खोडवा अठरा-वीस दिवसापर्यंत थांबायला लागला. पाचट बाजूला सारून माती मुठीत घेतली तर गोळा व्हायचा, शेजारच्या उघड्या रानात तेवढ्याच दिवसात भेगा. आणि क्षाराचं जे दिसलं ते मला स्वतःला नवीन होतं. जिथं पाचट होतं तिथं पांढरा थर आला नाही, आणि ट्रॅक्टर वळायची जी उघडी पट्टी होती तिथं नेहमीसारखा फुटला, अगदी मीठ सांडल्यासारखा. ऊन लागून खालचं पाणी वर चढतं, पाणी उडून जातं, क्षार वर राहतो. वरून झाकलं की हे चढणंच कमी होतं. खालचा क्षार काही गेला नव्हता, फक्त मुळीपाशी येऊन बसत नव्हता. पाऊस पडला तसा थोडा खाली गेला असणार. आषाढात पाचट उचलून बघितलं तर खालचं काळं, भुसभुशीत, पांढऱ्या बुरशीचे धागे, आणि गांडुळं. आमच्या त्या तुकड्यात गांडूळ म्हणजे... तात्यांनी एक उचलून तळहातावर घेतलं, बराच वेळ बघितलं आणि परत ठेवून वर पाचट ओढलं. बोलले काही नाहीत.

टनेज? पहिल्या वर्षी काही विशेष वाढलं नाही, खरं सांगतो. खालच्या तुकड्याला आधी जेवढं व्हायचं त्यापेक्षा थोडं बरं. पण खर्च उतरला, पोटॅश निम्मं झालं, पाणी आणि भांगलण वाचली. पाचट ठेवलं की एकदम दहा टन वाढतं असं व्हिडिओत सांगणारे भेटतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

आता ह्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. आमचं बघून कुणीही केलं नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी पण नाही. बांधावर थांबून बघायचे, चांगलं आहे म्हणायचे आणि आपल्या रानात जाऊन काडी लावायचे. कृषी सहायक चार लोकांना घेऊन आले, फोटो काढले, ते पण गेले. प्रात्यक्षिक बघून शेतकरी बदलतो हे पुस्तकात असेल, आमच्या शिवारात तरी ते झालं नाही.

बदललं ते ड्रिपमुळं, म्हणजे ठिबकमुळं. आणि ड्रिप लोकांनी घेतलं ते पाणी वाचवायला घेतलं असं समजू नका, झोपायला घेतलं. थ्री फेज लाइट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रपाळीत पाटपाणी म्हणजे पूर्ण रात्र बॅटरी घेऊन उसात, साप तर आहेतच, आता वर बिबट्या. वाळवा-शिराळ्याच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडतात ही बातमी आता बातमी राहिली नाही. ज्यांना जमलं त्यांनी ड्रिप करून मोबाइलवरचा स्टार्टर बसवला, अंथरुणातनं मोटर चालू. लाइट बिलाचा तर संबंधच नाही, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे, त्यामुळं बिल वाचवायला कुणी पाणी वाचवेल ही आशाच सोडा. सबसिडी हे दुसरं कारण, केंद्राच्या योजनेतलं ५५ टक्के, त्यात राज्याचं धरून लहान शेतकऱ्याला ८० टक्क्यापर्यंत जातं. महाडीबीटीवर (सरकारच्या पोर्टलवर) अर्ज, मग तेव्हा लॉटरी होती ती, मग पूर्वसंमती, मग बसवायचं, मग मोका तपासणी, फोटो, आणि मग पैशाची वाट. आमचे पैसे यायला एवढा वेळ लागला की मधे एक ऊस तुटून गेला. दुकानदार ओळखीचा होता म्हणून थांबला.

आणि ड्रिप आलं की पाचट जाळता येत नाही! नळ्या रानात अंथरलेल्या असतात, तोडीच्या आधी सगळ्या गुंडाळून बाहेर काढायच्या, जाळायचं, परत अंथरायच्या, एवढा कुटाणा कोण करणार. त्यात एका मार्चमध्ये दुपारची वेळ साधून शेजारच्या गटात कुणीतरी पेटवलं, वारा होता, आग बांध ओलांडून आमच्यात आणि पलीकडच्या आण्णांच्यात घुसली. आमचं पाचट गेलं, कोंब करपले, आणि नळ्या वितळून नुसत्या काळ्या गाठी राहिल्या. पेटवणारा काय परका नव्हता, गावातलाच, बसून मिटवलं, त्यानं निम्मा खर्च दिला. पण त्यानंतर आमच्या पाणी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की ड्रिपवाल्याच्या लगत कुणी पेटवायचं असेल तर आधी सांगायचं, बांधालगतचा पट्टा साफ करायचा, नुकसान झालं तर भरायचं. हळूहळू ड्रिपवाला नाही असा शेजारच उरेना. आज आमच्या शिवारात धूर दिसला तर लोक फोन करून विचारतात कुणाचं पेटलं. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रोज संध्याकाळी सगळा आसमंत लाल दिसायचा आणि कुणाला काही वाटत नव्हतं.

हार्वेस्टरनं पण हातभार लावला. टोळ्या मिळेनात, मिळाल्या तर वरखर्च मागतात, म्हणून मशीनची तोड वाढली आणि मशीन पाचटाची बारीक कुट्टी करून रानभर पसरून जातं. सरीत दाबायची मेहनत निम्मी झाली. मशीन आलं ते मजुराच्या अडचणीनं, पाचट वाचलं ते त्याच्याबरोबर फुकटात.

अडचणी संपल्या असं नाही. पाचटाखाली उंदीर होतात आणि ते ड्रिपच्या नळ्या कुरतडतात, आठवड्याला जोड मारत बसावं लागतं. हुमणीचं म्हणाल तर ती पाचटानंच येते असं मला आमच्याकडं तरी दिसलं नाही, ज्यांनी जाळलं त्यांच्यातही होती. तिचे भुंगे वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडूलिंबावर आणि बाभळीवर बसतात, फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे एकट्यानं करून उपयोग नाही कारण शेजाऱ्याच्या लिंबावरचे तुमच्यात येऊन अंडी घालतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकतो, पाऊस झाला, सात वाजता या, पोरं येतात, अर्धा खेळ अर्धं काम. कार्बन क्रेडिटवाले (मातीत कर्ब साठवल्याचे पैसे देतो म्हणणारे) पण येऊन गेले, टॅबवर सह्या घेतल्या, फोटो काढले, पुढं काही कळलं नाही.

ह्या सगळ्यात आमच्या चोपणाचं काय झालं ते राहिलंच. कर्ब थोडा वर आला, रान सुधारलं, पण मोठा फरक पडला तो वरचे आण्णा आणि त्यांच्या वरचे दोन-तीन जण ड्रिपवर गेले तेव्हा. त्यांचं पाटपाणी थांबलं तसं आमच्याकडं येणारा पाझर कमी झाला, ओढ्याकडच्या चरीतलं पाणी खाली गेलं आणि कितीतरी वर्षांनी त्या तुकड्यात मार्चमध्ये चालताना पाय रुतले नाहीत. माझ्या पाचटापेक्षा आण्णांच्या ड्रिपनं माझं रान जास्त सुधारलं, आणि आण्णांनी ते माझ्यासाठी केलेलं नाही, त्यांना गुडघेदुखीमुळं रात्री रानात जायला होत नव्हतं. शिरोळकडं क्षारपड रानात सच्छिद्र पाइपा घालून निचरा काढतात, त्याचा खर्च एकट्याला झेपत नाही आणि वरच्यांनी पाणी कमी केलं नाही तर पाइप तरी किती ओढणार.

पण पाणी वाचलं म्हणजे नदीत राहिलं का? इथं माझं आणि पाणी वाचलं म्हणून फोटो काढून जाणाऱ्यांचं जमत नाही. सोसायटीचं जे पाणी वाचलं ते सोसायटीनं नवीन सभासद करून माळावर चढवलं. जिथं आधी कुसळं आणि शेळ्या, तिथं आता ऊस. नदीवरची मोटर पहिल्याएवढेच तास चालते. ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या उपसा सिंचन योजनांवर पण तेच बघायला मिळतं, दुष्काळी भागाला पाणी गेलं हे चांगलंच झालं, तिथल्या लोकांनी किती वर्षं वाट बघितली, पण पाणी पोचलं तिथं बऱ्याच ठिकाणी पीक उभं राहिलं ते ऊसच, आणि त्यापुढचा जतचा शेवटचा माणूस अजून पाळीची वाट बघतोय. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, ज्वारीला दराची खात्री नाही, उसाला निदान एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) आहे, मी पण तेच केलं असतं. तरी सगळं शिवार ड्रिप आणि पाचटावर गेलं म्हणून भाग टिकाऊ झाला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझं रान टिकाऊ झालं एवढं मी सांगू शकतो, नदीचं मला सांगता येत नाही, तिच्यावर मोटरी तेवढ्याच आहेत.

म्हणून मागच्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत आम्ही काही जणांनी ठराव मांडला की पाणीपट्टी एकरावर न घेता मीटर बसवून पाण्यावर घ्या आणि वाचलेल्या पाण्यावर नवीन उसाला परवानगी देऊ नका, द्यायची तर कडधान्याला नाहीतर भाजीपाल्याला द्या. सभेत जे व्हायचं तेच झालं, आरडाओरडा, माळावरचे म्हणाले तुमचं झालं आता आमच्यावर नियम का, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, ठराव तहकूब. ह्या वर्षी परत मांडतोय, सह्या गोळा करणं चालू आहे. गंमत म्हणजे माळावरच्या तिघांनी स्वतःहून बोलवून सह्या केल्या. मेमध्ये पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला त्यांच्यापर्यंत पाणीच पोचलं नव्हतं, त्यांच्या आधी बसलेल्या नवीन उसानं ओढून घेतलं.